चिठ्ठीवरची ताई

१

संग्रहालयात त्याला नावाने कुणी ओळखत नसे. शिपायापासून संचालकबाईंपर्यंत सगळे त्याला पारखी म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते मनापासून आवडे. जुनं कोरीव लाकूड समोर आलं की ते कुठल्या झाडाचं, कुठल्या हत्याराने कोरलेलं, कुठल्या वस्तीचं आणि अस्सल की विकण्यासाठी घाईने बनवलेलं, हे सांगायचं त्याचं काम. सव्वीस वर्षं तळघरातल्या एकाच टेबलावर तो हेच करत होता. वस्तू हातात आली की आधी पाठ बघायची, मग तोंड, ही त्याची खोड. तोंडाशी कोरणारा सावध असतो, पाठीवर त्याचा हात सैल सुटतो, आणि खरं काय ते तिथे कळतं, असं त्याचं म्हणणं होतं.

लग्नाच्या वयातही हा सगळ्यांच्या पाठीच बघत बसला, म्हणून तसाच राहिला, असं त्याची ताई चारचौघांत सांगे. तिचं तरी कुठे झालं होतं? आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची आणि हा सहाचा. दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. ते पत्र तिने कपाटाच्या खालच्या खणात टाकलं आणि धाकट्याला शाळेसाठी भांग पाडून दिला. पुढे शाळेत भूमिती शिकवून ती निवृत्त झाली. आता तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघं राहत. पन्नाशी उलटलेल्या भावाला ती अजून 'धाकट्या' म्हणे, आणि घरातून निघताना चष्मा, रुमाल, किल्ली अशी उजळणी करून घेई.

त्या महिन्यात एक्केचाळीस मूर्ती आल्या. नदीच्या वरच्या अंगाला जंगलात राहणाऱ्या लोकांच्या. कुणाच्या तरी आजोबांनी कधीकाळी उचलून आणलेल्या आणि मग माळ्यावर पडून राहिलेल्या. आता त्या परत जायच्या होत्या. त्या लोकांतली एक म्हातारी, स्वतः कोरणारी, दोन आठवड्यांनी मंगळवारी न्यायला येणार होती. त्याआधी कुठली मूर्ती कुठल्या वस्तीची हे पारख्याने ठरवून ठेवायचं होतं.

ओळख पटेपर्यंत प्रत्येक मूर्तीला नंबर असे, चांगला नऊ आकडी. तो कोण लक्षात ठेवणार? म्हणून पारखी पेन्सिलने चिठ्ठीवर काहीतरी हाताशी येईल ते नाव लिही आणि दोऱ्याने मूर्तीच्या गळ्यात बांधी. मोठ्या कानांचा तो मामा, खरा मामा पारख्याला कधी नव्हताच. तोंड उघडं असलेला जांभईवाला. एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या दोघी म्हणजे भांडलेल्या जावा. कामाची सोय, दुसरं काही नाही. सव्वीस वर्षांत असं कितीतरी लाकडांचं बारसं त्याने केलं होतं.

अठरावी मूर्ती गुडघ्याएवढी उंच, बसलेली. हात मांड्यांवर, हनुवटी जराशी वर, मान डावीकडे कललेली. मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय हे ऐकताना ताई अश्शीच बसे. पारख्याला हसू आलं. त्याने चिठ्ठीवर 'ताई' लिहिलं, ती बांधली, आणि जेवणाच्या सुट्टीत घरी फोन करून सांगितलंही.

"नाक तरी बरं काढलंय का माझं?" ताईने विचारलं.

"तुझ्यापेक्षा बरं आहे."

"मग घेऊन ये तिलाच घरी. भांडीसुद्धा तीच घासेल," म्हणून तिने फोन ठेवला.

२

लाकूड ओळखायचं तर थोडं कापावं लागतं. पारख्याने मूर्ती आडवी केली आणि धारदार पात्याने तिच्या बुडाचा, कुणाला दिसणार नाही असा, अंगठ्याच्या नखाएवढा कपचा काढला. तो भिंगाखाली धरायच्या आधीच त्याला वास आला. ओल्या, नुकत्याच तोडलेल्या झाडाचा.

मूर्ती शंभर वर्षांची तरी होती. भुंग्यांनी पाडलेली भोकं खरी होती, वाकडीतिकडी आत गेलेली. पाठीवरचे पटाशीचे घाव उजवीकडून डावीकडे उतरत आलेले, म्हणजे कोरणारा डावखुरा. सगळ्या कडा हाताळून गुळगुळीत झालेल्या. इतक्या जुन्या लाकडाला असा वास येत नाही. त्याने ओलावा मोजायचं यंत्र काढलं. दोन सुया टेकवायच्या की आकडा येतो. वाळून खडखडीत झालेल्या लाकडाचा आठ-नऊ. इथे आला बावीस.

त्याने यंत्राची बॅटरी बदलली. टेबलाचा आला नऊ, मामाचा आठ, जांभईवाल्याचा आठ. ताईचा बावीस.

भांडारपाल म्हणजे सगळ्या वस्तूंच्या नोंदी सांभाळणारा माणूस. लठ्ठ, बाराही महिने स्वेटर घालणारा. तो म्हणाला की तळघराची भिंत पाझरते हे आपण किती वेळा लिहून दिलंय, पण वर कुणाला पडलंय. पारख्याला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. भिंतीला टेकून ठेवलेल्या बाकीच्या चाळीस कशा कोरड्या, हा प्रश्न त्याने त्या दिवशी स्वतःला विचारला नाही.

संध्याकाळी घरी गेला तर ताई पाय ओढत चालत होती. दुपारपासून टाच सलतेय म्हणाली. त्याने तिला खुर्चीत बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि चष्मा पुसून पाहिलं. टाचेखालची अंगठ्याच्या नखाएवढी कातडी निघून गेली होती. कड स्वच्छ, तिरकी. रक्ताचा थेंबही नव्हता.

"भेग पडली असेल," ताई म्हणाली. "एवढं काय बघतोस, संग्रहालयात ठेवणार आहेस का?"

त्याने मलम लावून पट्टी बांधली. या वयात टाचांना भेगा पडतात, हे काय त्याला माहीत नव्हतं?

३

प्रत्येक वस्तूचं वजन येताना करायचं आणि मग दर शुक्रवारी, असा नियम होता. ताई आली तेव्हा चार किलो तीनशे ग्रॅम होती. पहिल्या शुक्रवारी पाच किलो शंभर. त्याने काट्यावर मामाला ठेवलं. मामा जिथल्या तिथे. यंत्राने ओलावा एकतीस दाखवला. एवढा तर उभ्या झाडात असतो.

घरी ताईचा पाण्याचा तांब्या भरलेलाच राहू लागला. तहानच लागत नाही म्हणाली. ब्लाउज खांद्यावरून उतरू लागले. हातांना कितीही क्रीम चोपडलं तरी ते जिरून जाई आणि कातडी पुन्हा तशीच कोरडी. ती मुळात बोलकी. पण आता बोलता बोलता थांबायची आणि हनुवटी वर करून कुठेतरी लांबचं ऐकत राहायची. पारखी समोर बसून जेवत असे आणि घास चावायचा विसरत असे.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या. सगळं उत्तम आहे म्हणाले, वयाच्या मानाने तर फारच छान, पाणी तेवढं प्यायला सांगा.

त्या दिवशी परत आल्यावर तिने जेवायची ताटं मांडली. ताट ठेवताना तिच्या बोटांची पेरं टेबलावर आपटली. टक. पारख्याने मान वर केली. लाकडावर हाड आपटलं तर कसा आवाज होतो आणि लाकडावर लाकूड आपटलं तर कसा, एवढं तर तो डोळे मिटून सांगू शकला असता. तेच तर त्याचं पोट भरायचं साधन होतं.

"ताई, हात बघू."

"कशाला?" म्हणत तिने हात पदराखाली घेतला. पहिल्यांदाच ती त्याच्यापासून काही लपवत होती. त्याला भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही जास्त, लाज. एका चिठ्ठीचा आणि सख्ख्या बहिणीच्या दुखण्याचा संबंध जोडणारा माणूस स्वतःला शहाणा कसा म्हणवणार?

४

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन त्याने ती चिठ्ठी फाडली. बारीक बारीक तुकडे करून टोपलीत टाकली, आणि अठराव्या मूर्तीला यापुढे फक्त नंबरानेच संबोधायचं असं ठरवलं. दोरा काढताना त्याची बोटं तिच्या गळ्याला लागली. लाकूड कोमट होतं. मग दिवसभर त्याने दुसऱ्याच मूर्तींचं काम केलं आणि तिच्याकडे पाठ करून बसला.

दुसऱ्या दिवशी रविवार. पारखी स्वयंपाकघरात चहा करत होता. साखर किती घालू हे विचारायला त्याने हाक मारली, "ताई!" उत्तर नाही. पुन्हा मारली. तिसरी हाक त्याने जरा मोठ्यानेच मारली, गॅस बंद केला आणि खोलीत गेला.

ताई पलंगाच्या कडेला बसली होती. हात मांड्यांवर, हनुवटी वर, मान डावीकडे कललेली. खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर पडलेलं, पण पापणी लवत नव्हती. त्याने तिच्या नाकाशी बोट धरलं. काहीच लागलं नाही, किंवा इतकं थोडं की लागलं असं म्हणवत नव्हतं.

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. भांडारपाल होता. चष्मा विसरला म्हणून सुट्टीच्या दिवशी तळघरात गेलेला.

"तुमच्या खोलीत आज कुणी आहे का हो?" त्याने विचारलं. आवाज चाचरत होता. "दाराला कुलूप आहे, मी स्वतः ओढून पाहिलं. पण आतून बाईमाणसाने ओ दिली. आता, दोन मिनिटांपूर्वी. मी तर कुणाला हाकही मारली नव्हती."

"किती वेळा?"

"तीनदा. आणि तिसरी जरा मोठ्याने."

पारखी वळला तेव्हा ताई खोलीच्या दारात उभी होती. तिने स्वयंपाकघरात जाऊन लागोपाठ तीन पेले पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि त्याच्याकडे बघून छान हसली.

"हाका मारत होतास का रे? डोळा लागला होता माझा."

ती लंगडत नव्हती. दुपारी ती झोपली असताना त्याने हळूच तिच्या पायाची पट्टी सोडून पाहिली. टाच नितळ होती. जखमेची खूणसुद्धा नव्हती, आणि दुसऱ्या टाचेला असलेल्या जुन्या भेगा या टाचेला नव्हत्या. जेवढा आनंद व्हायला हवा होता, तेवढा झालाही. तो आनंद त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवला.

५

मंगळवारी म्हातारी आली. बुटकी, काटक, पांढऱ्या केसांची, हातावर जुन्या जखमांच्या रेघा. बरोबर गाडी घेऊन आलेले दोन भाचे होते, त्यांना तिने बाहेरच थांबवलं. पारख्याने सात वस्त्यांप्रमाणे मूर्ती मांडून ठेवल्या होत्या. ती एकेकीच्या खांद्यावर हात ठेवत पुढे गेली. दोन ठिकाणी त्याची वस्ती चुकली होती. ते तिने न बोलता, मूर्ती उचलून दुसऱ्या रांगेत ठेवून दाखवलं. बाकी काम चांगलं केलंत म्हणाली. एरवी तो चार दिवस त्यावर तरंगला असता.

अठराव्या मूर्तीपाशी तिचा हात वरच्या वर थांबला.

"हिला हाक कुणी मारली?"

पारख्याने सगळं सांगितलं. चिठ्ठी, कपचा, टाच, रविवार. सांगताना आपण वेडगळ बोलतोय असं त्याला वाटत होतं. म्हातारीला तसं वाटलेलं दिसलं नाही. ती स्टूल ओढून बसली.

"आम्ही कोरतो ती बसायला जागा," ती म्हणाली. "कुणासाठी, ते आम्ही बोलत नाही. हाक मारली की येऊन बसतात. म्हणून आमच्यात लेकरूसुद्धा यांना नावाने बोलवत नाही."

"मग आता घरी आहे ती कोण?"

"जागा रिकामी राहत नाही. इथलं होतं ते तिकडे गेलं असेल." तिने गुडघे चोळले. "बहिणीला इथे बोलवा. दोघींना समोरासमोर बसवा आणि तुमची कोणती ते तुम्हीच सांगा. एकदाच सांगायचं. जी तुमची म्हणाल ती तुमच्यापाशी राहील, दुसरी मी नेईन."

"आणि मी बरोबर सांगितलं तर ती पहिल्यासारखी होईल?"

"ते मला नाही माहीत," म्हातारी म्हणाली. "आमच्यात ही चूक आजवर कुणी केली नाही."

६

त्याने फोन केला आणि ताई अर्ध्या तासात आली. गुडघ्यांमुळे सव्वीस वर्षांत ती या तळघरात कधी उतरली नव्हती. आज कठड्याला हात न लावता सगळ्या पायऱ्या उतरली. मूर्ती बघून म्हणाली, "ही होय मी? बरी आहे की." आणि समोरच्या खुर्चीत बसून तिने पर्स मांडीवर घेतली.

पारख्याने बाजूचा दिवा लावला, तो लाकडावर तिरका उजेड पाडायला असतो. मग त्याने तिला प्रश्न विचारले. कपाटाच्या खालच्या खणात काय आहे? कॉलेजचं पत्र. तो सातवीत कशात नापास झाला होता? भूमितीत, आणि तिने त्याला आठ दिवस शेजाऱ्यांसमोर तोंड दाखवू दिलं नव्हतं. आई गेली त्या दिवशी तिने त्याला काय सांगितलं? सगळी उत्तरं बरोबर होती. एकाही उत्तराला तिला आठवावं लागलं नाही. खरी ताई तारखांत नेहमी घोळ घालायची आणि वर वाद घालायची.

मग तो उठला आणि मूर्तीच्या मागे गेला. आधी पाठ.

दोन आठवड्यांपूर्वी त्या पाठीवर पटाशीचे घाव होते, उजवीकडून डावीकडे उतरलेले. आता पाठ गुळगुळीत होती. मधोमध मणक्याची रांग होती, आणि उजवा खांदा किंचित वर, तीस वर्षं फळ्यावर लिहिणाऱ्या बाईचा असतो तसा. तो बघत असताना ती पाठ एकदाच, अगदी थोडी, वर आली आणि खाली गेली.

तो खुर्चीच्या मागे गेला. तिचे केस वर बांधलेले होते. मानेवर, जिथे केस संपतात तिथे, तिरक्या उजेडात बारीक घाव दिसत होते. एकाशेजारी एक, उजवीकडून डावीकडे उतरत ब्लाउजच्या आत गेलेले. हा डावखुरा हात त्याच्या ओळखीचा होता.

इतकी सोपी ओळख त्याने आयुष्यात कधी पटवली नव्हती. म्हातारी त्याच्याकडे बघत होती. तिलाही ठाऊक होतं. पण सांगायचं त्याने होतं.

त्याने मनातल्या मनात घर पाहिलं. पलंगाच्या कडेला ठेवलेली गुडघ्याएवढी मूर्ती. कदाचित महिन्याने, कदाचित वर्षाने, कदाचित कधीच न उठणारी. रोज सकाळी तिला हाक मारायची आणि ओ येते का ते ऐकत उभं राहायचं. शेजारी विचारतील, ताई कुठे गेल्या? मग संध्याकाळी कुलूप उघडून आत शिरायचं आणि दिवा आपणच लावायचा. सहा वर्षांचा असल्यापासून तो एक दिवसही एकटा राहिला नव्हता. तिनेच राहू दिलं नव्हतं.

"धाकट्या, चल ना घरी," खुर्चीतली म्हणाली. आवाज ताईचाच होता, अगदी लाडाचा. "किती वेळ बसवणार?"

"ही," पारखी म्हणाला, आणि त्याने खुर्चीकडे बोट केलं.

म्हातारीने स्टूल मागे सारलं. मग "बरं," म्हणाली आणि पांढरं कापड उलगडलं. तिने अठरावी मूर्ती डोक्यापासून गुंडाळली, तान्ह्याला गुंडाळतात तितक्या हळुवारपणे. दोन्ही भाच्यांना मिळून ती उचलावी लागली. बाकीच्या चाळीस त्यांनी मघाशी, ताई येईपर्यंत, एकेका हाताने नेल्या होत्या.

पारखी त्यांच्या मागोमाग वर अंगणात आला. ऊन चांगलंच तापलं होतं. गाडीत त्यांनी तिला सगळ्यांच्या शेवटी, दाराशी, बाहेर तोंड करून ठेवलं. कापड कोरडं होतं, फक्त तोंडाच्या जागी, डोळे असतात तिथे, दोन ओले डाग उमटले होते आणि बघता बघता पसरत होते. आतून हाक आली नाही. तिने त्याला उभ्या जन्मात कधी कुठल्या निवडीवरून अडवलं नव्हतं.

म्हातारी म्हणाली, "दार लावा."

त्याने लावलं. मागून कुणीतरी त्याच्या दंडाला धरलं. पकड घट्ट होती आणि हात कोरडा होता.

"चष्मा, रुमाल, किल्ली," ती म्हणाली. "घेतलंस ना सगळं? चल आता."